नातीचे तीन टक्के



बरेच दिवस इथे काही लिहिणे झाले नाही. आधी मोतीबिंदूचे ऑपरेशन, मग घरातली लग्ने आणि मग आपला यवतमाळचा उन्हाळा! दुपारी कूलरसमोरून हलायचे नाही असा सूनबाईंचा हुकूम होता. आता मृगाचे चार शिंतोडे पडले, डोळाही नीट दिसू लागला, म्हणून पुन्हा टंकायला बसलो.

आजचा विषय वाचून काहीजण म्हणतील, आजोबांचे डोके ठिकाणावर आहे ना? मी इतिहास आणि मराठीचा मास्तर. बी.ए. झालो तोही मराठी माध्यमातून. विज्ञानाशी माझा संबंध एवढाच की विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचा तास मी सांभाळायचो. तरीही आज लिहिणार आहे ते उष्णतेबद्दल. पाण्यात धातूचे अतिसूक्ष्म कण मिसळले तर ते पाणी उष्णता जास्त चांगली वाहून नेईल का, या एका प्रश्नाच्या इतिहासाबद्दल. हा इतिहास माझ्या नातीमुळे आमच्या घरात आला आणि जाताजाता माझी एक जुनी गोष्ट उकरून गेला.

नात नागपूरला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. संक्रांतीला घरी आली ती तोंड पाडूनच. तिळगूळ हातात तसाच. रात्री अंगणात शेकोटीपाशी विचारले तेव्हा बोलली. चौघांचा मिळून प्रोजेक्ट होता. पाण्यात अॅल्युमिनाचे, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचे, नॅनोकण मिसळायचे आणि त्या पाण्याची उष्णता वाहण्याची क्षमता किती वाढते ते मोजायचे. पुढे ते पाणी सोलर हीटरमध्ये फिरवायचे. कण घातले आकारमानाने एक टक्का. वाढ आली तीन टक्क्यांच्या आसपास. पुन्हा मोजले, पुन्हा तेवढीच.

"मग बिघडले कुठे?" मी विचारले.

"आजोबा, जुन्या पेपरांमध्ये चाळीस टक्के लिहिलंय! ग्रूपमधले म्हणतात, आपलंच काहीतरी चुकलंय. आकडे थोडे वाढवून टाकू, कोण बघतंय?"

मी लगेच काही बोललो नाही. का बोललो नाही ते शेवटी सांगतो. पण इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते. कोणी काही सांगितले की तो विचारतो, हे पहिल्यांदा कोणी पाहिले? आणि नंतर दुसऱ्या कोणी पाहिले का? मी तिला म्हटले, "चाळीस टक्के कोणी लिहिले, केव्हा लिहिले, त्याच्या आधी काय होते आणि नंतर काय झाले, ते मला सांग." पुढचे चार दिवस ती इंग्रजी वाचून मला मराठीत सांगत होती आणि मी वहीत उतरवून घेत होतो. त्या वहीतूनच हा लेख उतरला आहे. तपशिलात काही चुकले असेल तर विज्ञानवाल्या मंडळींनी कान धरावा.

सुरुवात मात्र मी माझ्या माहितीतल्या वस्तूपासून करतो, म्हणजे बंबापासून. माझ्या पिढीच्या लोकांना बंब समजावून सांगायला नको. बाहेरून तांब्याचे पिंप, मधोमध उभी नळी, नळीत जाळ आणि भोवती पाणी. जाळ पाण्याच्या पोटातून जातो म्हणून पाणी लवकर तापते. चुलीवरच्या हंड्याला फक्त बुडाशी आच लागते, बंबाला पोटातून लागते. थोडक्यात, आग आणि पाणी यांच्यामधली भिंत जितकी मोठी तितकी उष्णता लवकर पोचते.

आगगाडीच्या इंजिनाची प्रगती याच तत्त्वावर झाली. १८२९ साली इंग्लंडात स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ने शर्यत जिंकली. आधीच्या इंजिनांत आगीची एखाद-दुसरी मोठी नळी असायची. ‘रॉकेट’च्या बॉयलरमधून तांब्याच्या २५ नळ्या गेलेल्या होत्या. पाणी तेवढेच, पण भिंत कितीतरी वाढली. एका बंबात पंचवीस बंब म्हणा ना! पुढची दीडशे वर्षे उष्णतेच्या इंजिनिअरांनी मुख्यतः हाच मार्ग धरला. नळ्या वाढवा, त्यांना पाकळ्या लावा, पाणी जोरात फिरवा. कारच्या रेडिएटरच्या पातळ पट्ट्या पाहिल्या असतील, तोही त्याच घराण्यातला.

आपल्या जिल्ह्यात हे विज्ञान ‘शकुंतला’वर बसून आले. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे. किलिक निक्सन कंपनीची. वऱ्हाडचा कापूस इथून मुंबईला आणि तिथून बोटीने मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जायचा, आणि आमच्या शकुंतलेचे इंजिनही मँचेस्टरलाच तयार झालेले. १९२१ साली बांधलेले ते इंजिन १९२३ पासून एप्रिल १९९४ पर्यंत धावले, मग डिझेल आले. आता तर गाडीच बंद पडली आहे.

माझे एक मामा या गाडीवर फायरमन होते. उन्हाळ्याच्या सुटीत मूर्तिजापूरला गेलो की मी त्यांच्या मागे मागे शेडमध्ये जायचो. इंजिन थंड करून बॉयलर धुवायला काढलेले असायचे. खालची झाकणे उघडली की गढूळ पाण्याबरोबर पांढऱ्या-करड्या खपल्या बाहेर पडायच्या. मी एक खपली घरी आणली होती, बरेच दिवस दप्तरात होती. मामा म्हणायचे, "इंजिन कोळशानं नाही चालत बाप्पा, पान्यानं चालते. पानी खराब, तं इंजिन खराब." आपल्याकडचे विहिरीचे पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तेच पाणी उकळून उकळून नळ्यांवर क्षारांचा थर बसायचा. हा थर उष्णता अडवतो. मग तेवढ्याच वाफेला जास्त कोळसा लागतो. थर फार वाढला तर आगीच्या बाजूचा धातू प्रमाणाबाहेर तापतो, आणि ते तर जिवावरचे. म्हणून पाण्यातला कणन् कण बाहेर काढणे हीच मामांची नोकरी.

आणि आता नात सांगत होती की ती पाण्यात मुद्दाम कण घालते! मामा असते तर कपाळाला हात लावला असता.

पण या उफराट्या विचाराला आधार आहे, आणि तो जुना आहे. तांबे हे पाण्यापेक्षा सुमारे सातशे पट चांगले उष्णतावाहक. (गरम चहात स्टीलचा चमचा ठेवा, मग लाकडाचा ठेवा, फरक बोटांना कळेल. तांबे स्टीलच्याही किती पुढे.) मग चांगल्या वाहकाचे कण वाईट वाहकात मिसळले तर मिश्रण किती चांगले होईल? हे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने १८७३ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले होते. त्याने ते विजेसाठी मांडले, पण उष्णतेलाही तसेच लागू पडते. नातीने मला त्याचा सोपा अर्थ सांगितला. कण थोडे असले आणि ते द्रवापेक्षा खूपच चांगले वाहक असले, तर जितके टक्के कण त्याच्या सुमारे तिप्पट टक्के वाढ. एक टक्का कण घाला, तीन टक्के वाढ घ्या. तांबे सातशे पट चांगले असले तरी फायदा तिपटीचाच. कारण कणाकणांच्या मधे पाणीच असते, आणि उष्णतेला ते ओलांडावेच लागते. नदीत मोठमोठे दगड टाकले तरी दोन दगडांमधले पाणी तुडवावेच लागते, तसे.

हा आकडा ऐकून मी तिच्याकडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले. पण गोष्ट इथे संपत नाही.

मॅक्सवेलनंतर शंभर वर्षे लोकांनी असे प्रयत्न केले, पण कण मोठे होते. ते तळाशी बसायचे, नळ्या तुंबवायचे, पंप घासून टाकायचे. अगदी बारीक कण करायची सोय झाली विसाव्या शतकाच्या शेवटी. जपानमध्ये मासुदा आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली असे मोजमाप प्रसिद्ध केले. १९९५ साली शिकागोजवळच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या स्टीफन चोई यांनी कल्पना नीट मांडली आणि तिचे बारसे केले. नाव ठेवले ‘नॅनोफ्लुइड’, आपण नॅनोद्रव म्हणू. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. दहा नॅनोमीटरचे कण ओळीने मांडले तर केसाच्या जाडीत आठ-दहा हजार मावतील. एवढ्या बारीक कणांना पाण्याचे रेणू सतत ढकलत राहतात, म्हणून ते लवकर तळाला बसत नाहीत. मात्र एकमेकांना चिकटले की संपले. पिठल्यात बेसन एकदम टाकले तर गाठी होतात ना, अगदी तसेच. मग गाठी तळाला जातात. त्यासाठी पाण्याचा आम्लपणा सांभाळावा लागतो किंवा कणांवर काही लेप द्यावा लागतो. नातीच्या म्हणण्याप्रमाणे अर्धा प्रोजेक्ट गाठी मोडण्यातच गेला.

२००१ साली चोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो प्रसिद्ध पेपर आला. मोटारीच्या कूलंटमध्ये असते त्या इथिलीन ग्लायकॉलमध्ये तांब्याचे दहा नॅनोमीटरहून लहान कण, आकारमानाने फक्त ०.३ टक्के, आणि वाढ ४० टक्क्यांपर्यंत! मॅक्सवेलच्या हिशोबाने ती जेमतेम एक टक्का यायला हवी होती. त्याच वर्षी कार्बनच्या नॅनोनळ्या तेलात एक टक्का घालून १६० टक्के वाढ मिळाल्याचेही प्रसिद्ध झाले. जगभर खळबळ उडाली. मॅक्सवेल चुकला की काय? कण नाचतात म्हणून उष्णता पळते की कणांभोवती पाण्याचा वेगळा थर तयार होतो? नाना तर्क निघाले.

आपला देशही मागे नव्हता. मद्रासच्या आय.आय.टी.त सरित कुमार दास यांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर २००३ साली दाखवले की तापमान वाढले की ही वाढ आणखी वाढते. त्याच संस्थेतले टी. प्रदीप यांच्यासह सोन्या-चांदीच्या कणांवरही काम झाले. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात जॉन फिलिप यांनी चुंबकीय कणांच्या द्रवांवर काम केले. आपल्या नागपुरातही विश्वेश्वरय्या संस्थेत आणि लक्ष्मीनारायण संस्थेत नॅनोद्रवांवर संशोधन झाले आहे. ही दुसरी संस्था कामठीच्या रावबहादूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिली. माझ्या नातीच्या पिढीला हा विषय घरबसल्या मिळाला त्यामागे एवढी परंपरा आहे.

त्याच २००३ सालातली एक गोष्ट मला फार आवडली. दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅनोद्रव उकळून पाहिला. वाटले होते साध्या पाण्यापेक्षा छान उकळेल. झाले उलटे. कण तापलेल्या पृष्ठभागावर जाऊन बसले आणि उकळणे मंदावले. मी वाचता वाचता थांबलो. अहो, हा तर मामांचा क्षार! (त्याच वर्षी अमेरिकेत उलटही दिसले. पृष्ठभाग अगदी जळून जाण्याच्या बेतात असतो ती मर्यादा नॅनोद्रवामुळे पुष्कळ वर गेली. पुढे त्याचे श्रेयही त्या बसलेल्या थरालाच दिले गेले. म्हणजे एकच थर, एका जागी शत्रू आणि दुसऱ्या जागी मित्र.)

आता मुख्य गोष्ट. मोठमोठे आकडे प्रसिद्ध होत होते, पण एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळेना. कोणाला मॅक्सवेलप्रमाणे येई, कोणाला कितीतरी जास्त. शेवटी २००७ च्या सुमारास या क्षेत्रातल्या लोकांनीच एक फार शहाणपणाचे काम हाती घेतले. एम.आय.टी.चे याकोपो बुओंजोर्नो त्यात पुढे होते. सारखेच नमुने तयार करायचे, जगभर पाठवायचे आणि प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने मोजायचे. तीसहून अधिक संस्थांनी मोजले. निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आतबाहेर आले, कणांमुळे होणारी वाढ जुन्या सिद्धांतानुसारच निघाली आणि चमत्कार म्हणावा असे काही दिसले नाही. १८७३ सालचा मॅक्सवेल (थोडी डागडुजी करून) बरोबर होता!

त्या पेपरच्या लेखकांची यादी नातीने मोठ्याने वाचून दाखवली. सत्तरएक नावे. त्यात दास होते, फिलिप होते. ज्यांनी आधी वेगळे आणि मोठे आकडे दिले होते, त्यांच्यातलेही लोक तराजू घेऊन पुन्हा मोजायला बसले आणि जे निघाले त्याखाली सही केली. इतिहास शिकवताना मी पानिपत शिकवले, स्वातंत्र्यलढा शिकवला. हा प्रसंग मात्र कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. असायला हवा.

मग नॅनोद्रव वाया गेले का? तसे नाही. एक अडचण जरूर आहे. कण घातले की पाणी दाटही होते. आइनस्टाइनने १९०६ साली हे गणित केले होते, नंतर १९११ साली त्यातली स्वतःची चूक दुरुस्त केली. (हाही एक धडाच!) त्याप्रमाणे एक टक्का कणांनी दाटपणा अडीच टक्क्यांनी वाढतो, आणि नॅनोकणांत पुष्कळदा त्याहून जास्त. म्हणजे पंपाला जास्त वीज. एका हाताने घेतले ते दुसऱ्या हाताने दिले. पण दुसरीकडे सोय दिसते. काळसर कण घातलेले पाणी ऊन स्वतःच शोषून घेते, काळ्या पत्र्याची मध्यस्थी लागत नाही. २०१० साली अमेरिकेत ओटॅनिकार आणि सहकाऱ्यांनी छोट्या सौर संग्राहकात अशा द्रवाने कार्यक्षमता पाच टक्क्यांपर्यंत वाढल्याचे दाखवले. चाळीस नव्हे, पाच. पण आपल्या यवतमाळच्या उन्हात पाच टक्केही काही कमी नाहीत.

आता, मी पहिल्या रात्री गप्प का बसलो ते सांगतो.

नव्वदच्या दशकात साक्षरता अभियान होते. मी तेव्हा जिल्ह्यातल्याच एका लहान गावात शिक्षक. रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांचा वर्ग घ्यायचो. माझ्या वर्गात तीस नावे होती. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया पाटी हातात घेऊन पेंगायच्या. शेवटी आपले नाव आणि चार ओळी लिहिता येणारी माणसे निघाली अकरा. अहवालात मात्र मी सत्तावीस लिहिले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. शेजारच्या गावांचे आकडे मोठे होते, एवढेच. आपलेच काहीतरी चुकले असेल असे मलाही वाटले होते, अगदी नातीसारखे. त्या अकरा बायामाणसांनी खरोखर मोठे काम केले होते. मी सत्तावीस लिहून त्यांचे अकरा पुसून टाकले. आणि उरलेल्या सोळा जणांकडे पुन्हा कोणी गेले नाही, कारण कागदावर ते साक्षर झाले होते. त्यातल्या एक आजी पुढे कित्येक वर्षे बँकेत माझ्यासमोर अंगठा लावायच्या. मी नजर दुसरीकडे वळवायचो.

हे मी कोणाला सांगितले नव्हते. तुमच्या काकूलाही नाही. चौथ्या रात्री नातीला सांगितले. उपदेश केला नाही, तो करायचा मला अधिकारही नव्हता. ती बराच वेळ निखारे काडीने हलवत बसली. मग म्हणाली, "आजोबा, तुमचे अकरा खरे होते ना? मग माझे तीनही राहू देत."

नागपूरला जाऊन तिने ग्रूपला मॅक्सवेल दाखवला, २००९ चा पेपर दाखवला. दोघे लगेच तयार झाले, तिसऱ्याने कुरकुर केली. अहवालात तीन टक्के गेले, गाठींचे फोटो गेले, दोनदा मोजलेले आकडे गेले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारले, वाढ इतकी कमी का? हिने फळ्यावर मॅक्सवेलचे गणित मांडले. सर "बरं" म्हणाले. मार्क मध्यम मिळाले. चाळीस टक्केवाल्या दुसऱ्या एका ग्रूपला जास्त मिळाले म्हणे. असो. गोष्टीचा शेवट गोड करण्यासाठी मी इथेही आकडा वाढवणार नाही!

परवा माळ्यावरचा जुना बंब खाली काढला. सूनबाई भंगारात द्यायचे म्हणत होत्या. आत हात घालून पाहिला तर नळीवर पांढरा थर तसाच, मामांच्या इंजिनातल्यासारखा. नातीने खपली खरवडून कागदात बांधून घेतली. कशाला, विचारले तर म्हणाली, "ही किती उष्णता अडवते ते मोजते." मी म्हटले, "मोज. आणि जे येईल ते कळव."

तूर्तास इतकेच. ज्यांच्या घरी अजून बंब असेल त्यांनी जरूर कळवावे. आणि शकुंतलेत बसलेल्या मंडळींनी आपापल्या आठवणी लिहाव्यात, मी वाट पाहतो.